दुसरे दार : हैदराबाद संस्थानातील महाविद्यालये आणि विद्यार्थ्यांचे राजकारण

आदिलाबाद शहराला लागून मावला नावाचे गाव आहे. नागपूर-हैदराबाद हा हमरस्ता तेथून जातो. या रस्त्याने उत्तरेकडे निघालेला प्रवासी पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याच्या वाटेने सुमारे 200 किलोमीटरांवर नागपूर गाठतो. दक्षिणेकडे निघालेल्यास निर्मळ मागे टाकून, गोदावरी उतरून हैदराबादला पोहोचावयाचे तर सुमारे 300 किलोमीटर जावे लागते. म्हणजे मावल्याच्या माणसाला आपली राजधानी दूर आणि नदीपलीकडचे परके शहर जवळ, अशी ही जागा आहे. निजामाच्या अमदानीत या अंतराला निराळाच अर्थ होता. पैनगंगेच्या अलीकडे आसफजाही राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांचा मध्यप्रांत व वऱ्हाड. अलीकडच्या तरुणाने कॉलेजात जावयाचे ठरविले की, तो कोणत्या दिशेच्या गाडीत बसतो यावर त्याच्या पुढील आयुष्याचे पुष्कळसे अवलंबून असे.

विद्यार्थी कोणत्या कॉलेजचा आहे एवढे कळले की त्याचे राजकारण कळले, असा एक समज फार जुना आहे. पुण्यात फर्ग्युसन आणि सर परशुरामभाऊ यांच्याविषयी, नागपुरात मॉरिस आणि हिस्लॉप यांच्याविषयी असे ठोकताळे पिढ्यान् पिढ्या बोलले गेले. हैदराबादेतही निजाम कॉलेजचा विद्यार्थी निराळा आणि उस्मानियाचा निराळा, असे लोक मानीत. या समजात तथ्य किती आणि केवळ बोलण्याची सोय किती, हे पाहावयाचे असेल तर हैदराबाद संस्थानाच्या इतिहासाइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. तेथील महाविद्यालये थोडी होती, त्यांचे हेतू स्पष्ट होते, आणि 1938 साली एका गीतावरून त्या सर्वांची एकाच वेळी परीक्षा झाली.

हैदराबादेत उच्च शिक्षण आणि राजकारण यांची गाठ त्याहूनही पूर्वी पडली होती. एडिंबरोहून विज्ञानाची पदवी घेऊन आलेले अघोरनाथ चट्टोपाध्याय हे तेथील हैदराबाद कॉलेजचे प्राचार्य होते. सरोजिनी नायडू या त्यांच्या कन्या. 1883 साली हैदराबाद राज्यातून चांद्याकडे लोहमार्ग नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा तिच्या अटी लोकांपुढे ठेवाव्यात आणि तिचा उघड विचार व्हावा, अशी मागणी करणाऱ्यांत अघोरनाथ प्रमुख होते. सरकारने त्यांना पदावरून दूर करून राज्याबाहेर घालविले. पुढे त्यांना परत येता आले. परंतु धडा सर्वांना मिळावयाचा तो मिळाला. ज्या राज्यात विद्यापीठ, नोकरी आणि पोलीस ही तिन्ही खाती एकाच हुकमाने चालतात, तेथे विद्वानालाही मत बाळगण्याची किंमत मोजावी लागते. ज्या चांद्याच्या लोहमार्गावरून हा प्रसंग घडला, ते चांदाही याच सरहद्दीपलीकडचे शहर होते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अघोरनाथांचे कॉलेज पुढे 1887 साली स्थापन झालेल्या निजाम कॉलेजात विलीन झाले. निजाम कॉलेज हैदराबादेत असले तरी ते मद्रास विद्यापीठाशी जोडलेले होते. माध्यम इंग्रजी, परीक्षा मद्रासची आणि विद्यार्थी बहुधा जहागीरदार, अधिकारी व सुखवस्तू घराण्यांतले. त्या कॉलेजात शिकणाऱ्याला इंग्रजी हिंदुस्थानाचे वारे लागत असे. तथापि तो ज्या घरातून येई ते घर बहुधा दरबाराशी बांधलेले असे. विचार मोकळे आणि पाय बांधलेले, अशी त्याची स्थिती होती.

उस्मानिया विद्यापीठाची गोष्ट याच्या उलट होती. 1918 साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ते स्थापन केले आणि हिंदुस्थानी भाषेतून सर्व उच्च शिक्षण देण्याचा एक मोठा प्रयोग आरंभिला. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते निघाले. गणित, रसायन, इतिहास, कायदा अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले आणि सहस्रावधी पारिभाषिक शब्द घडविण्यात आले. इंग्रजीच्या छायेतून शिक्षणाला बाहेर काढणारा हा उपक्रम म्हणून देशभर त्याचे कौतुक झाले, आणि ते अस्थानी नव्हते. परंतु ज्या भाषेला येथे मान मिळाला, ती राज्यातील बहुसंख्यांची भाषा नव्हती. 1931 च्या शिरगणतीप्रमाणे संस्थानात सुमारे निम्मे लोक तेलुगू, सुमारे चतुर्थांश मराठी, आणि उर्दू बोलणारे सुमारे दशांश होते. मराठी मुलगा प्राथमिक वर्गात मराठी वाची, वरच्या वर्गात त्याच्यापुढे उर्दू येई, आणि कॉलेजात तर भौमितिक सिद्धान्तही त्याला उर्दूतूनच समजून घ्यावा लागे.

विद्यापीठाच्या कक्षेत राजधानीबाहेरही इंटरमीजिएट कॉलेजे होती. मराठवाड्यासाठी औरंगाबाद, कर्नाटक भागासाठी गुलबर्गा आणि तेलंगणासाठी वरंगळ. औरंगाबादचे कॉलेज 1923 साली निघाले. उर्दूचे थोर उपासक मौलवी अब्दुल हक यांनी त्याचे प्राचार्यपद भूषविले. आदिलाबाद जिल्ह्यात मात्र त्या काळी एकही कॉलेज नव्हते. या जिल्ह्यात तेव्हा आजच्या महाराष्ट्रातील किनवट आणि राजुरा हे तालुकेही मोडत होते. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू, कोलामी, लमाणी अशा भाषा एका बाजारात ऐकू येणारा हा मुलूख होता. त्यातून पुढे शिकणाऱ्याला वरंगळ, औरंगाबाद, हैदराबाद किंवा सरळ पैनगंगेपार नागपूर, यांपैकी एक वाट धरणे प्राप्त होते.

आता या कॉलेजांतील विद्यार्थ्यांचा कल काय होता? सरकारचा हेतू उघड होता. राज्याला निष्ठावान, सुशिक्षित आणि उर्दूत कारभार करणारे अधिकारी हवे होते. शेरवानी हा विद्यापीठाचा पोशाख होता आणि पदवीच्या पलीकडे तहसिलीची खुर्ची दिसत होती. पुष्कळ विद्यार्थी याच हेतूने येत आणि त्यात दोष मानण्याचे कारण नाही. बीड-परभणीकडचा शेतकरी पोराला वसतिगृहात ठेवण्यासाठी कर्ज काढी, ते काही क्रांतीसाठी नव्हे.

पण वसतिगृहाचे एक निराळेच शास्त्र असते. उस्मानियाच्या खोल्यांत नांदेडचा मराठी, करीमनगरचा तेलुगू आणि रायचूरचा कन्नड मुलगा शेजारी शेजारी राहू लागले. एरवी या तिघांना एकमेकांचे बोलणे कळले नसते. उर्दूने ते कळू लागले. राज्यकर्त्यांनी जी भाषा कारभारासाठी दिली, तिच्याच आधाराने तीन भाषांच्या प्रदेशांतील तरुणांना आपली गाऱ्हाणी एकच आहेत, हे उमगले. बाहेर त्यांचे वडीलधारे निरनिराळ्या संस्थांत विभागलेले होते. तेलंगणात आंध्र महासभा 1930 पासून काम करीत होती, आणि महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली परतूर येथे झाले. प्रांतिक परिषदांना जी एकी साधावयाची होती, ती विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात आधीच घडू लागली होती.

1938 हे साल उजाडले तेव्हा राज्यात तीन चळवळी एकत्र आल्या. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीविरुद्ध 24 ऑक्टोबर 1938 रोजी सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल, रामकृष्ण धूत, श्रीनिवासराव बोरीकर, जनार्दनराव देसाई आणि रावी नारायण रेड्डी ही पहिली तुकडी. स्वामी रामानंद तीर्थ यांनीही याच लढ्यात कारावास पत्करला. त्याच सुमारास आर्य समाजाने आणि हिंदू महासभेने आपापले लढे उभारले. पहिल्या लढ्याची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती, उरलेल्या दोहोंची धार्मिक हक्कांची. रस्त्यावरच्या माणसाला हा भेद नेहमी कळत होता असे नाही. सरकारला तर तो मान्यच करावयाचा नव्हता.

विद्यार्थ्यांचा प्रश्न या धामधुमीत निघाला. वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणू लागले. नोव्हेंबर 1938 मध्ये औरंगाबादेस आणि त्यापाठोपाठ उस्मानियाच्या वसतिगृहात त्याला मनाई झाली. गीत राजकीय आहे आणि इतरांची मने दुखावणारे आहे, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. प्रार्थनेत काय म्हणावे हे आमचे आम्ही ठरवू, असे विद्यार्थ्यांचे. औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ हे सरकारी शाळेत शिक्षक होते. कलकत्त्यास शिकलेला आणि समाजवादी विचाराने भारलेला हा तरुण शिक्षक विद्यार्थ्यांचा आधार बनला. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. वरंगळ आणि गुलबर्गा येथील कॉलेजांतही ठिणगी पोहोचली. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली.

पटावरून नाव कमी होणे याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उस्मानियाचा विद्यार्थी काढला गेला तर त्याला औरंगाबाद, वरंगळ, गुलबर्गा यांची दारे आपोआप बंद होत, कारण ती सर्व त्याच विद्यापीठाची अंगे होती. शिष्यवृत्ती गेली, वसतिगृह गेले, आणि सरकारी नोकरीची वाटही बंद झाली. शिवाय उर्दू माध्यमातून शिकलेल्या त्या मुलाला बाहेरच्या इंग्रजी विद्यापीठात प्रवेश मिळणे सोपे नव्हते. म्हणजे मागे फिरून नियम पाळण्याची कबुली द्यावी, अथवा शिक्षणालाच मुकावे, अशी कात्री सरकारने मांडली होती. तिच्यात अडकलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी जे परत गेले त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी दुसरा आधार नव्हता, त्याच्या धैर्याची परीक्षा इतरांपेक्षा कठीण होती.

या वेळी पैनगंगेपलीकडचे दार उघडले. नागपूर विद्यापीठ 1923 साली स्थापन झाले होते आणि त्याचे कुलगुरू या वेळी टी. जे. केदार हे होते. त्यांनी हैदराबादेतून काढलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. मध्यप्रांतात तेव्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर होते, लोकमत अनुकूल होते, आणि विदर्भातील मराठी समाजाला मराठवाड्याची मुले परकी वाटत नव्हती. तेलुगू मुलेही त्याच रस्त्याने आली. मावल्यावरून उत्तरेस जाणारा रस्ता त्या वर्षी केवळ व्यापाराचा राहिला नाही. राज्याने टाकलेल्या विद्यार्थ्यांचा तो रस्ता झाला.

त्यांपैकी एक विद्यार्थी वरंगळचा होता. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव असे त्याचे नाव. 1921 साली जन्मलेला हा मुलगा वंदे मातरम् चळवळीत कॉलेजातून बाहेर फेकला गेला आणि त्याचे पुढील शिक्षण नागपूर व पुणे येथे झाले. या स्थलांतराने त्याला काय दिले, हे पुढे साऱ्या देशाला दिसले. तो मराठी उत्तम शिकला. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचे त्याने तेलुगूत भाषांतर केले. 1948 पूर्वीच्या लढ्यात तो चांद्याच्या छावणीत होता. आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्रिपद त्याला लाभले, नागपूरजवळच्या रामटेक मतदारसंघातून तो 1984 आणि 1989 साली लोकसभेवर निवडून गेला आणि 1991 साली पंतप्रधान झाला. हैदराबादच्या अधिकाऱ्यांनी त्याला एका राज्यातून घालविले. दुसऱ्या भाषेच्या प्रदेशाने त्याला आपला प्रतिनिधी केले.

परंतु एवढ्यावर थांबून ही कथा केवळ विजयगाथा म्हणून सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. उस्मानियाच्या वसतिगृहात मुसलमान विद्यार्थीही होते. त्यांच्यातील पुष्कळांना वंदे मातरम् हे गीत आपल्या श्रद्धेशी विसंगत वाटत होते. ही अडचण काही हैदराबादच्या सरकारने निर्माण केलेली नव्हती. खुद्द काँग्रेसच्या कार्यकारिणीने 1937 साली कलकत्त्यास हा प्रश्न विचारात घेतला आणि राष्ट्रीय सभांत त्या गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत, असा निर्णय दिला होता. जो विद्यार्थी गीत गात होता त्याच्या मनात स्वातंत्र्य होते. जो कानांवर हात ठेवीत होता त्याच्या मनात नेहमी गुलामगिरीच होती असे नाही. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने मात्र या दुराव्याचा पुरेपूर उपयोग केला. गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबर 1938 मध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबविला. राजकीय लढा जातीय लढ्यांत मिसळून जात आहे, ही चिंता त्यामागे होती.

कॉलेजवरून मत ओळखता येते, हा ठोकताळा येथेच मोडतो. एकाच उस्मानियातून किती निराळी माणसे बाहेर पडली! मखदूम मोहिउद्दीन हे उस्मानियात शिकले, सिटी कॉलेजात अध्यापक झाले, उर्दूतील मोठे कवी ठरले आणि कम्युनिस्ट चळवळीचे नेतेही. 1939 च्या सुमारास हैदराबादेत जी कॉम्रेड्स असोसिएशन निघाली, तिच्यात हिंदू व मुसलमान तरुण एकत्र होते आणि निजामाचे एकतंत्र व जातीय राजकारण ही दोन्ही त्यांना नकोशी होती. याच विद्यापीठाच्या पदवीधरांत औरंगाबादेस जन्मलेले बी. श्यामसुंदर हे होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या या नेत्याला सवर्णांच्या हाती जाणाऱ्या सत्तेचा भरवसा वाटत नव्हता, आणि 1948 साली संयुक्त राष्ट्रसंघात गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळात तो सामील झाला. रझाकारांचा सूत्रधार कासीम रझवी मात्र उस्मानियाचा नव्हे; तो अलीगढला शिकला आणि लातूरला वकिली करीत होता. शिक्षणसंस्था एक असली तरी घरातून आणलेले दुःख एक नव्हते, आणि माणसाचा राजकीय कल पुष्कळदा त्या दुःखाच्या दिशेने जातो.

नागपूरचे दार उघडे होते हे खरे. परंतु दारापलीकडचे घरही एकविचाराचे नव्हते. तेथे काँग्रेस होती, 1925 पासून राष्ट्रीय स्वयंसेवक संघ होता, समाजवादी होते, आणि 1936 साली लखनौस स्थापन झालेल्या ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशनचा विचारही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत होता. एका गीतासाठी घर सोडून आलेले तरुण येथे आल्यावर निरनिराळ्या वाटांनी गेले. कोणी गांधीवादी राहिले, कोणी साम्यवादी झाले, तर कोणी पदवी घेऊन मुकाट्याने संसाराला लागले. त्यांचे समान धन एवढेच होते की, आपले मत निवडण्यास त्यांना अवकाश मिळाला.

1947 साली तोच प्रसंग मोठ्या प्रमाणावर पुन्हा आला. हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि निजामाने सामील होण्याचे नाकारले. 7 ऑगस्ट 1947 रोजी स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडून लढ्यात यावे, असे आवाहन झाले आणि असंख्य विद्यार्थ्यांनी ते मानले. सरहद्दीपलीकडे उमरखेड, चांदा इत्यादी ठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. या वेळी तरुणांनी नदी ओलांडली ती शिक्षण टिकविण्यासाठी नव्हे, तर शिक्षण बाजूला ठेवून. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर उस्मानियाचे उर्दू माध्यम संपुष्टात आले. ज्या अन्यायाविरुद्ध बहुभाषिक विद्यार्थी उठले होते तो गेला. त्याबरोबर हिंदी भूमीवरील भाषेतून विज्ञान शिकविण्याचा एक धाडसी प्रयोगही गेला. पहिल्या गोष्टीचा आनंद मानताना दुसरीची खंत बाळगण्यास हरकत नसावी.

या सर्व वृत्तान्तात एक वर्ग कोठेच आलेला नाही. मावल्याच्या आसमंतातील डोंगरांत गोंड व कोलाम समाज राहतो. 1938 साली कोणत्या गीतावरून कोणाला कॉलेजातून काढले, याची वार्ता तेथे पोहोचली असली तरी तिचा अर्थ काय लागणार होता? कॉलेजातून काढले जाण्यासाठी आधी कॉलेजात जावे लागते. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कासाठी लढताना पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांस या भागाचा अभ्यास करण्यास सांगितले आणि त्यांच्या प्रयत्नाने मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या बाजूच्या गोंडांना मराठीचा परिचय होता. जेथे नागर विद्यार्थी कोणत्या दाराने बाहेर पडावे याचा विचार करीत होते, तेथे डोंगरातील मुलाच्या वाट्याला पहिले दारच या वेळी आले.

1956 साली भाषावार प्रांतरचना झाली आणि आदिलाबाद जिल्ह्याची वाटणी झाली. किनवट व राजुरा तालुके मराठी मुलखाकडे गेले. मुधोळ तालुका नांदेडातून आदिलाबादेत आला. मावला व आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. पुढे विद्यापीठेही त्याच रेषेने वाटली गेली. 1976 साली वरंगळास काकतीय विद्यापीठ निघाले आणि आदिलाबादची कॉलेजे त्याच्या कक्षेत आली. किनवटची कॉलेजे 1994 साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे गेली, तर राजुरा 2011 पासून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात मोडते. एका जुन्या जिल्ह्याचे तीन शेजारी तालुके तीन विद्यापीठांत विभागले गेले.

त्याबरोबर त्यांचे राजकारणही विभागले. 1969 साली स्वतंत्र तेलंगणाच्या मागणीने उस्मानिया पेटले आणि त्या पट्ट्यातील विद्यार्थ्यांचे अभ्यासाचे एक वर्ष वाया गेले. मराठवाड्यातील विद्यार्थी 1974 साली प्रादेशिक विकासाच्या मागणीसाठी रस्त्यावर आले. एकेकाळी एकाच वसतिगृहात एकाच मागणीसाठी उपाशी राहणाऱ्यांची पुढची पिढी आता दोन स्वतंत्र लढ्यांत होती, आणि एकमेकांच्या घोषणांचा अर्थ त्यांना वर्तमानपत्रातून समजून घ्यावा लागत होता.

या इतिहासाचा सर्वांत कठीण प्रश्न औरंगाबादनेच विचारला. हे शहर 2023 पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे जे महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून विख्यात झाले. ज्यांच्या पूर्वजांना शाळेची पायरी नव्हती, त्यांच्यासाठी हे खऱ्या अर्थाने दुसरे दार होते. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर भीषण हल्ले झाले. त्या काळात विद्यार्थी कोणत्या कॉलेजचा यावरून तो नामांतराच्या बाजूचा की विरुद्ध, असा तर्क सर्रास होऊ लागला. 1938 मध्ये विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिलेले गोविंदभाई श्रॉफ या वेळी मराठवाड्याच्या अस्मितेचा दाखला देऊन नामांतराच्या विरोधकांत होते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि मिलिंदच्या विद्यार्थ्याला जे नाव आपल्या मुक्ततेचे वाटत होते, ते ऐकण्यास ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाचे मन त्या वेळी राजी झाले नाही, हेही नोंदवले पाहिजे. हा वाद 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्ताराने मिटला.

1938 चे गीत आणि 1978 चे नाव या दोन प्रसंगांत चाळीस वर्षांचे अंतर आहे, पण दोहोंचा बोध एकच निघतो. प्रत्येक पिढीला आपले गीत स्वातंत्र्याचे वाटते आणि दुसऱ्याचे गीत भांडणाचे. महाविद्यालयाचे काम अशा वेळी कोणाचे गीत खरे हे ठरविण्याचे नसते. दोघांनाही एकाच पटावर ठेवून त्यांचे एकमेकांशी बोलणे चालू ठेवणे, हे त्याचे काम असते. उस्मानियाच्या अधिकाऱ्यांनी 1938 साली पटावरून नावे कमी केली आणि संभाषण तुटले. त्याचे परिणाम दहा वर्षांनी सर्वांनाच भोगावे लागले. केदारांनी नागपुरास नावे पटावर घेतली, एवढेच केले. त्यांनी त्या विद्यार्थ्यांना कोणत्याही मताची दीक्षा दिली नाही. म्हणूनच त्या एका निर्णयातून भिन्न भिन्न मतांची, परंतु स्वतःच्या पायावर उभी राहिलेली माणसे निर्माण झाली.

तेव्हा कॉलेजच्या नावावरून विद्यार्थ्याचे राजकारण ओळखण्याचा उद्योग सोडून देऊन दुसराच प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे आहे. मत बदलले, किंवा मत उघड बोलले, तर या विद्यार्थ्याला जाण्यास दुसरे दार आहे काय? ज्याला ते आहे त्याचे मत त्याचे स्वतःचे असण्याचा संभव आहे. ज्याला ते नाही त्याचा कल हा पुष्कळदा त्याच्या असहायतेचाच कल असतो, मग तो सरकारकडे झुकलेला असो की चळवळीकडे. मावल्यावरून जाणाऱ्या हमरस्त्याने आजही विद्यार्थी दोन्ही दिशांना जातात. कोणी हैदराबादला, कोणी नागपूरला. नदीवर आता परक्या राज्याची चौकी नाही. आपण कोणत्या दिशेने जावे हे त्यांना स्वतः ठरविता येते, हीच 1938 साली पटावरून कमी झालेल्या त्या नावांची खरी कमाई होय.